सोलापूरच्या परसबागेचे वेळापत्रक मिनियापोलिसला कितपत चालेल?

विजापूर रस्ता परसबाग (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. विजापूर रस्त्यावरच्या आमच्या घरामागे सुमारे सहाशे चौरस फुटांची परसबाग मी गेली २२ वर्षे सांभाळत आले आहे. उन्हाळ्यात मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी चिवट माती, रोज न येणारे नळाचे पाणी आणि एप्रिल-मे महिन्यांत बेचाळीस अंशांच्या पुढे जाणारे ऊन, या तीन गोष्टी गृहीत धरून बाग कशी जगवायची ते मला आता बऱ्यापैकी उमगले आहे. उसाच्या पाचटाचे आच्छादन, आळ्यात पुरलेली मडकी, हिरवी जाळी आणि संध्याकाळचेच पाणी, एवढ्या आधारावर आमच्याकडे मे महिन्यातही कढीपत्ता, अंबाडी आणि थोडीफार वांगी टिकून असतात.

आता प्रसंग वेगळा आला आहे. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस येथे राहतात. त्यांनी गेल्या वर्षी घर घेतले असून मागे वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब असे नुसते गवताचे अंगण आहे. मी मार्चअखेर जाऊन सहा महिने राहावे आणि तिथे बाग उभी करून द्यावी, अशी दोघांची इच्छा आहे. दोघांनीही आजवर माती हाताळलेली नसल्यामुळे मी परत आल्यानंतर ती बाग त्यांना सांभाळता यावी, यासाठी बारा महिन्यांचे वेळापत्रक लिहून ठेवण्याचा माझा विचार आहे. परवा जावयांनी पाठवलेल्या छायाचित्रात अंगणातले बाक बर्फात बुडालेले होते आणि तापमान उणे बावीस अंश होते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीलाच आपण सोलापूरकर कडाका म्हणतो. उणे बावीस अंशांत जमिनीत काही जिवंत राहत असेल, याची मला कल्पनाच करता येत नाही.

माझ्या मनातला आराखडा असा आहे: घरचे कांद्याचे, अंबाडीचे, पावट्याचे आणि मेथीचे बी सोबत न्यावे, कढीपत्त्याचे एक लहान रोप न्यावे, पोहोचताच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वाफे करून पेरणी करावी, एका कोपऱ्यात गांडूळ खताचा वाफा करावा आणि मुलीला गुलाबाची आवड असल्यामुळे चार-पाच कलमे लावावीत. त्यांची छाटणी आपल्याप्रमाणे ऑक्टोबरमध्ये करायला मी जावयांना शिकवून येईन. यातले काय चालेल, काय चालणार नाही आणि मुख्य म्हणजे का चालणार नाही, हे तिथल्या हवामानाचा अनुभव असलेल्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती. नुसते ‘करू नका’ असे सांगितले तर मी ते विसरेन, परंतु कारण कळले तर लक्षात राहील.

जुळे सोलापूर

ताई, नमस्कार. माझी पत्नी आणि मी मुलाकडे मिनियापोलिसच्याच एका उपनगरात नऊ वर्षे राहून परत आलो. त्यांतले सात उन्हाळे मी तिथे भाजीपाला केला. पहिल्या वर्षी मीही सोलापूरचे पंचांग डोक्यात ठेवूनच सुरुवात केली होती आणि एप्रिलमध्ये लावलेली टोमॅटोची अठरा रोपे एका रात्रीत काळी पडलेली पाहिली होती, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. आपल्या बागेचा वैरी ऊन आणि तिथल्या बागेचा वैरी थंडी, असे वरवर वाटते, परंतु झाडाच्या बाजूने पाहिले तर दोन्हीकडचे संकट बऱ्याच अंशी एकच आहे. जमीन गोठली की मातीतले पाणी बर्फ होते आणि मुळांना बर्फ शोषता येत नाही. वरून कोरडा वारा सुटलेला असतो, सदाहरित झाडांच्या पानांतून ओलावा उडत राहतो आणि खालून भरपाई होत नाही. म्हणजे तिथला हिवाळा हा झाडापुरता दुष्काळच असतो. हे ध्यानात आले की तिथली बरीचशी कामे आपोआप समजू लागतात. नोव्हेंबरमध्ये जमीन गोठण्यापूर्वी झाडांना भरपूर पाणी का द्यायचे आणि आच्छादन का घालायचे, हे तुम्हाला कोणी शिकवण्याची गरज उरत नाही, कारण तेच काम तुम्ही इथे मार्चमध्ये करत आला आहात.

आपल्याकडचे डाळिंबवाले बहार धरताना पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानगळ झाल्यावर पाणी सोडतात आणि मग झाड फुटते, हे आपण सांगोला-मंगळवेढ्याच्या बागांत पाहतो. तिथे ही विश्रांती थंडी देते. सफरचंदाच्या झाडाला ठरावीक काळ थंडी मिळाली नाही तर त्याचे डोळे वसंतात नीट फुटत नाहीत, आणि ट्यूलिपच्या कंदाला जमिनीत तीन-चार महिने थंडावा मिळाला नाही तर त्याला धड दांडाच येत नाही. त्यामुळे उणे बावीस अंशांना मेलेली वाटणारी जमीन खरे तर ताणावर असते. छायाचित्रातल्या त्या बर्फालाही शत्रू समजू नये. भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असल्याने तो जमिनीवर गोधडीसारखा राहतो. ज्या वर्षी बर्फ कमी आणि थंडी जास्त असते, त्या वर्षी मुळांचे नुकसान अधिक होते.

आता वेळापत्रकाकडे येतो. तुम्ही मार्चअखेर जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सुचवेन. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथे जमीन वरून विरघळलेली आणि खाली अजून थंड असते. वितळलेल्या बर्फाचे पाणी मुरलेले नसते आणि त्या चिखलात कुदळ घातली तर पुढे वर्षभर ढेकळेच हाती येतात. वाफसा येईपर्यंत थांबायचे हा आपला नियम तिथेही तितकाच खरा आहे. मूठभर माती दाबून पाहावी, बोटाने ढकलल्यावर फुटली तर खणावे, गोळाच राहिला तर आठवडाभर थांबावे. गादीवाफे केले तर माती लवकर निथळते आणि लवकर तापते, म्हणून त्या अंगणात सहा ते आठ इंच उंचीचे गादीवाफेच करावेत.

साधारण १५ एप्रिलनंतर वाटाणा, पालक, मुळा, मेथी, शेपू आणि कोथिंबीर थेट पेरता येते. या भाज्या हलके गारठे सोसतात. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी आणि सर्व वेल यांना मात्र गोठणबिंदूचा स्पर्शही चालत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या आपण हौसेने वाचतो, तसे दव मिनियापोलिसला मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत केव्हाही गोठू शकते. मी माझ्यासाठी एक खूण ठरवली होती, ती तुम्हालाही सोपी जाईल. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते, तोपर्यंत मिरची आणि वांगी घराबाहेर मुक्कामाला काढायची नाहीत. टोमॅटो फार तर आठ दिवस आधी लावावेत. आणि हस्त नक्षत्र लागले, म्हणजे २७ सप्टेंबर उलटला, की रोज रात्रीचे किमान तापमान पाहायला सुरुवात करायची, कारण त्यानंतरच्या पंधरा-वीस दिवसांत पहिले दव गोठते. रोहिणी ते हस्त एवढाच तुमचा खरा हंगाम आहे. आपल्याकडे बाग बारमाही चालते, त्यामुळे एखादी पेरणी हुकली तर आपण पुढच्या महिन्यात करतो, तशी मुभा तिथे नाही.

हंगाम इतका आखूड असल्याने रोपे घरातच तयार करावी लागतात. मिरची आणि वांग्याचे बी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, टोमॅटोचे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणि दुधी, दोडका, कारले यांचे बी मेच्या सुरुवातीला कागदी पेल्यांत टाकावे. वेलांच्या मुळांना धक्का सहन होत नाही, म्हणून ती रोपे पेल्यातून अलगद, मातीच्या गड्ड्यासह लावायची असतात. मार्चमध्ये तुम्ही इथेच असाल, तेव्हा ही पहिली पेरणी मुलीकडून करून घ्यावी लागेल. खिडकीतला उजेड पुरत नाही. रोपे उजेडाकडे ताणत उंच, पांढुरकी आणि लुळी होतात. साधे पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी दिवे रोपांपासून दोन-तीन इंचांवर टांगून दिवसाला १४ ते १६ तास सुरू ठेवावेत आणि रोपे वाढतील तसे दिवे वर घ्यावेत.

यानंतरची पायरी बहुतेक नवे लोक चुकवतात. घरात वाढलेल्या रोपाने ना वारा पाहिलेला असतो ना खरे ऊन. ते एकदम वाफ्यात नेले तर तिथल्या सौम्य वाटणाऱ्या उन्हातही पाने भाजून पांढरी पडतात. आठ ते दहा दिवस त्यांना रोज थोडे बाहेर काढावे, पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग वाढवत पूर्ण दिवस उन्हात आणि शेवटच्या दोन रात्री बाहेर. शेडनेटमधून काढलेले रोप शेतात लावण्यापूर्वी आपले रोपवाटिकावाले त्याचे पाणी कमी करून ते कणखर करतात, त्यातलाच हा प्रकार आहे.

पाण्याची तुमची सवय मात्र तिथे सोडावी लागेल. मिनियापोलिसला वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी मिळते, आणि त्यातले बरेचसे मे ते सप्टेंबर या काळात पडते. पावसासकट आठवड्याला एक इंच पाणी भाजीपाल्याला पुरते. मी सुरुवातीला रोज संध्याकाळी पाणी घालत असे. तिथल्या दमट रात्रींत पाने ओली राहून टोमॅटोवर करपा आला. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे.

निवृत्त शिक्षक, मोहोळ

वरील उत्तर अनुभवाचे आहे आणि मला त्यात काही बदलायचे नाही. मी कृषी विद्यालयात शिकवत असे, म्हणून आपण सोबत नेऊ इच्छिता त्या कांद्याच्या आणि पावट्याच्या बियाण्याविषयी थोडे लिहितो, कारण इथे अडचण थंडीची नसून उजेडाची आहे आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

सोलापूर १७ ते १८ अक्षांशांच्या दरम्यान आहे. आपला सर्वांत मोठा दिवस १३ तासांच्या किंचित पुढे आणि सर्वांत लहान दिवस ११ तासांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षभरात फरक जेमतेम दोन तासांचा. मिनियापोलिस ४५ अक्षांशांवर असल्याने तिथे जूनमधला दिवस साडेपंधरा तासांहून मोठा आणि डिसेंबरमधला पावणेनऊ तासांच्या आसपास असतो. वनस्पती हा फरक मोजतात आणि आपला पुढचा टप्पा त्यावर ठरवतात.

कांद्याचे उदाहरण घ्या. कांद्याचे रोप आधी पात वाढवते आणि दिवस ठरावीक लांबीचा झाला की पात थांबवून गड्डा भरू लागते. प्रत्येक पातीच्या बुडाशी कांद्याचा एक थर तयार होतो, म्हणून गड्डा भरू लागण्यापूर्वी पाती जितक्या अधिक, तितका कांदा मोठा. आपल्याकडचे वाण सुमारे ११ ते १२ तासांच्या दिवसाला गड्डा भरतात, म्हणून आपला रब्बी कांदा हिवाळ्यात लावून उन्हाळ्याच्या तोंडाला निघतो. हेच बी मिनियापोलिसला एप्रिलच्या मध्याला लावले तर तिथे त्या वेळी दिवस आधीच साडेतेरा तासांचा झालेला असतो. रोपाला चार पाती फुटतात न फुटतात तोच गड्डा भरण्याचा इशारा मिळतो आणि हाती सुपारीएवढे कांदे येतात. खत, पाणी, माती यांपैकी काहीही सुधारून त्यात फरक पडत नाही. उत्तरेकडचे वाण १४ ते १६ तासांचा दिवस झाल्यावर गड्डा भरतात. त्यांची तयार रोपे तिथल्या रोपवाटिकांत एप्रिलमध्ये मिळतात, तीच लावावीत. सोलापूर बाजार समितीच्या आवारात कांद्याचे ढीग पाहत वाढलेल्या माणसाला परक्या बियाण्याचा कांदा लावणे जिवावर येईल हे मी समजू शकतो, परंतु इथे निष्ठेपेक्षा अक्षांश बलवान आहे.

पावट्याची गोष्ट उलट बाजूने तशीच आहे. आपले पारंपरिक वेली पावटे दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलावर येत नाहीत, म्हणून जूनमध्ये पेरले तरी शेंगा थंडीच्या दिवसांतच धरतात. मिनियापोलिसला दिवस १२ तासांवर येतो तो सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. वेल मांडवभर पसरेल, तेव्हा कुठे फुले येतील आणि दोन-तीन आठवड्यांत दव गोठून सर्व संपेल. तूरही याच कारणाने नको. त्याऐवजी श्रावणघेवडा लावावा. त्याच्या सामान्य वाणांना दिवसाच्या लांबीशी फारसे देणेघेणे नसते आणि तो पन्नास-साठ दिवसांत शेंगा देतो.

अंबाडीलाही फुले आणि बोंडे येण्यासाठी लहान दिवस लागतात, पण आपल्याला तिची पानेच हवी असल्यामुळे तिथला लांब दिवस उलट फायद्याचा ठरतो. ती फुलण्याच्या नादी न लागता पाला देत राहील. तिला गरम माती हवी, म्हणून तिची पेरणी जूनच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या मृगालाच करावी. मेथी आणि कोथिंबीर मात्र लांब दिवस आणि उष्णता एकत्र आली की लगेच फुलावर जातात. त्यांची एक पेरणी एप्रिलअखेर करावी, जून-जुलै सोडून द्यावेत आणि दुसरी पेरणी ऑगस्टच्या मध्याला करावी.

विजापूर रस्ता परसबाग

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. कांद्याच्या पातीचा आणि थरांचा संबंध मला इतकी वर्षे कांदा लावूनही माहीत नव्हता. मुलीशी आजच बोलले. मार्चमधली मिरची-वांग्याची पेरणी ती करणार आहे आणि मी व्हिडिओ कॉलवर समोर बसेन. प्रवासाची तिकिटे अजून काढलेली नसल्याने तारखाही बदलता येतील.

गुलाब, गांडूळ खत आणि कढीपत्ता यांबद्दल मात्र अजून कळायचे आहे. शिवाय मी सप्टेंबरअखेर परत आले तर ऑक्टोबरनंतर मुलीने नेमके काय करायचे, हिवाळ्यापूर्वी बाग आवरायची म्हणजे काय करायचे, हे कोणी सांगू शकेल का?

सेंट पॉलची पंढरपूरकर

काकू, नमस्कार. मी मूळची पंढरपूरची असून गेली चौदा वर्षे मिनियापोलिसच्या जोडशहरात, सेंट पॉलला राहते. तुम्ही विचारलेला भाग माझ्या रोजच्या जगण्यातला आहे.

आधी गांडुळांविषयी, कारण तिथे केलेली चूक परत फिरवता येत नाही. आपण लहानपणापासून गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणत आलो आणि आपल्याकडे ते खरेही आहे. मिनेसोटात मात्र मूळचे गांडूळच नाही. हिमयुगात हा प्रदेश बर्फाच्या थराखाली होता आणि त्यानंतर इथली जंगले गांडुळांशिवाय वाढली. जमिनीवर साठणारा पानांचा जाड थर हळूहळू कुजतो आणि त्याच थरात इथल्या रानफुलांची व झाडांची रोपे रुजतात. बाहेरून आलेली गांडुळे तो थर खाऊन संपवतात आणि जंगलाखालची जमीन उघडी पडते. अलीकडे आशियातून आलेली, हात लावताच उड्या मारणारी जातही इथे पसरू लागली आहे. म्हणून अंगणात गांडूळ सोडू नये. गांडूळ खत करायचेच असेल तर तळघरात झाकणाच्या डब्यात करता येते, परंतु मी साध्या कंपोस्टचाच आग्रह धरेन. शरद ऋतूत रस्ताभर पाने पडतात. ती गोळा करून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यासोबत थर द्यावेत. हिवाळ्यात ढीग दगडासारखा गोठतो आणि काम थांबते, त्याने घाबरू नये. एप्रिलमध्ये उलथून दिला की तो पुन्हा तापतो.

गुलाबाची ऑक्टोबरमधली छाटणी इथे करू नये. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर छाटतो, नवी फूट येते आणि थंडीत फुले मिळतात, ते बरोबरच आहे. इथे ऑक्टोबरमध्ये छाटले तर झाड कोवळी फूट काढण्याचा प्रयत्न करते आणि ती पहिल्याच गारठ्यात मरते, शिवाय फांद्यांतली साठवण वाया जाते. छाटणी वसंतात, डोळे फुगू लागल्यावर, मेलेले लाकूड ओळखून करायची. ऑगस्टच्या मध्यानंतर नत्रयुक्त खत बंद करावे आणि सप्टेंबरपासून सुकलेली फुलेही खुडू नयेत. फळे धरली की झाडाला हंगाम संपल्याचे कळते आणि ते विश्रांतीकडे वळते. पुण्या-नाशिकच्या रोपवाटिकांत मिळतात तसे लांब दांड्याचे नाजूक गुलाब हवे असतील तर इथले हौशी लोक एक कष्टाची पद्धत वापरतात. ऑक्टोबरमध्ये बुंध्याच्या एका बाजूची मुळे सैल करून, फांद्या दोरीने बांधून, सबंध झाड चरात आडवे करतात, वर माती आणि पाने घालतात व एप्रिलमध्ये ते पुन्हा उभे करतात. मुलगी आणि जावई नवखे आहेत, त्यांच्यावर हे ओझे टाकू नये. कॅनडात खास थंडीसाठी तयार केलेले एक्सप्लोरर मालिकेतले झुडपी गुलाब घ्यावेत, ते कलम न केलेले, स्वतःच्या मुळांवर वाढलेले असावेत. शेंड्याकडून थोडे मेले तरी खालून पुन्हा फुटतात.

कोणतेही बहुवर्षायू झाड विकत घेताना त्याच्या चिठ्ठीवरचा विभाग क्रमांक पाहावा. अमेरिकेच्या कृषी खात्याने वर्षातल्या सर्वांत थंड रात्रींच्या सरासरीवरून देशाचे विभाग पाडले आहेत. २०२३ च्या सुधारित नकाशात आपली जोडशहरे पाचव्या विभागात आली असली तरी मी अजूनही चौथ्या विभागाला, म्हणजे उणे २९ ते उणे ३४ अंशांना टिकणारेच झाड घेते. एका कडक रात्रीत दहा वर्षांचे झाड जाते, हे मी पाहिले आहे.

कढीपत्ता आणि तुळस कुंडीतच ठेवाव्यात. रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली जाऊ लागले, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला, की कढीपत्ता दक्षिणेकडच्या खिडकीत घ्यावा. आत आणण्यापूर्वी पाने दोन्ही बाजूंनी धुवावीत, कारण तापवलेल्या घराच्या कोरड्या हवेत लाल कोळी आणि खवले कीड झपाट्याने वाढते. हिवाळ्यात तो पाने गाळतो, कधीकधी नुसत्या काड्या उरतात. पुष्कळ जण मेला समजून फेकतात किंवा काळजीने जास्त पाणी घालून कुजवतात. माती वरून इंचभर सुकल्यावरच पाणी द्यावे आणि मेपर्यंत धीर धरावा. तुळस मात्र वर्षाचीच समजावी आणि मंजिऱ्या वाळवून बी ठेवावे.

आता आवराआवर. पहिले दव गोठणार असा अंदाज असेल त्या संध्याकाळी, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर, टोमॅटो-मिरचीवर जुन्या चादरी पार जमिनीपर्यंत टेकतील अशा पांघराव्यात, म्हणजे जमिनीची ऊब आत राहते. सकाळी त्या काढाव्यात. असे दोन-तीन वेळा केले की पुष्कळदा पुढचे दहा-बारा दिवस पुन्हा चांगले मिळतात. हिरवे टोमॅटो खुडून घरात कागदावर पसरले तरी पिकतात. गाजर, कोबी आणि केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) यांना घाई करू नये, थंडी लागली की त्यांच्यात साखर वाढते आणि ती अधिक गोड होतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लसूण लावावा, आणि काकू, हे काम तुम्ही स्वतःच्या हातांनी करून जावे असे मला फार वाटते. आपल्याकडेही लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच लागतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. इथे तो त्याच महिन्यात लागतो, मुळे धरतो आणि बर्फाखाली झोपतो. एप्रिलमध्ये सर्व अंगण करडे असताना त्याचेच हिरवे कोंब सर्वांत आधी दिसतात. जूनमध्ये मधला वळणदार दांडा काढून त्याची भाजी किंवा चटणी करता येते आणि जुलैच्या मध्याला गड्डा निघतो. पाकळ्या दोन-तीन इंच खोल, सहा इंचांवर लावाव्यात. वर चार इंच पेंढा घालावा, पण लगेच नव्हे, माती गारठू लागल्यावर. हिवाळ्याच्या शेवटी जमीन रात्री गोठते आणि दिवसा सैल होते, त्या हालचालीने उथळ मुळांची झाडे अक्षरशः जमिनीबाहेर उचलली जातात. पेंढ्याचे काम मातीला गरम ठेवण्याचे नसून तिचे तापमान एकसारखे ठेवण्याचे आहे. बियाणे इथल्याच शेतकरी बाजारातून, कडक मानेच्या, म्हणजे असा मधला दांडा येणाऱ्या जातीचे घ्यावे.

जावयांकडून दोन कामे विसरू देऊ नका. बाहेरच्या नळाची आतली चावी बंद करून बाहेरचा नळ उघडा सोडावा, नाहीतर पाणी गोठून फुगते आणि भिंतीतली नळी फुटते. मातीच्या कुंड्याही त्याच कारणाने तडकतात, त्या रिकाम्या करून आत ठेवाव्यात. आणि कोवळ्या फळझाडाच्या बुंध्याला दोन फूट उंचीची बारीक जाळी गुंडाळावी. बर्फात दुसरे काही खायला नसल्याने ससे साल कुरतडतात आणि सालीचे कडे पूर्ण निघाले तर झाड वाचत नाही.

जाता जाता दोन ओळखी सांगते. इथल्या वाफ्यांत तण म्हणून जे उगवते त्यात आपला चाकवत आणि घोळ असतात. शेजारी उपटून टाकतात, मी भाजी करते. घोळीसारखीच दिसणारी एक वनस्पती आडवी पसरते, तिचे देठ मोडल्यावर पांढरा चीक निघतो, ती खाऊ नये. तसेच इथे र्‍हुबार्ब नावाचे लाल देठांचे आंबट झाड घरोघरी असते. अंबाडीच्या आठवणीने त्याचा पाला शिजवावासा वाटेल, पण त्याची पाने विषारी आहेत, फक्त देठच खातात.

होटगी रस्ता

बियाण्याविषयी एवढेच लिहितो की पेरणीचे बी अमेरिकेत नेताना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, माती लागलेली कोणतीही वस्तू नेता येत नाही आणि कढीपत्त्याचे रोप किंवा ताजी पानेही चालत नाहीत, कारण लिंबूवर्गीय फळबागांचा भयंकर रोग पसरवणारी कीड त्याच्यावर जगते. जे काही वनस्पतिजन्य सोबत असेल ते विमानतळावर अधिकाऱ्यासमोर सांगावे. बागेत वापरलेल्या चपलाही धुऊनच न्याव्यात. मेथी, भेंडी, दुधी, अंबाडी यांचे बी तिथल्या बियाणे विक्रेत्यांकडे मिळते आणि कढीपत्त्याची रोपेही तिथे विकली जातात.

ताई, तुमच्या इथल्या बागेचे काय करणार आहात? एप्रिल-मे असा काळ आहे की पंधरा दिवस दुर्लक्ष झाले तर कढीपत्ताही राहणार नाही.

विजापूर रस्ता परसबाग

सर्वांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत कळत नाही. सर्व उत्तरे मी वहीत उतरवून घेतली आहेत आणि आराखडा बदलला आहे. कांदा आणि पावटा यांचे बी इथेच राहील. गांडूळ खताचा विचार सोडला. कढीपत्ता तिथेच घेऊ. मुलीने एक्सप्लोरर मालिकेतले दोन गुलाब मेमध्ये आणायचे ठरवले आहे.

इथल्या बागेसाठी शेजारच्या वहिनी दिवसाआड येणार आहेत. मी जाण्यापूर्वी सर्व आळ्यांत मडकी पुरून, पाचटाचा थर सहा इंचांचा करून आणि वांगी काढून टाकून जाईन, म्हणजे त्यांना फक्त मडकी भरण्याचे काम उरेल. अंबाडीचे बी मृगाला टाकायला त्यांना सांगितले आहे. त्याच आठवड्यात मीही तिथे टाकेन.

तिकिटे काल काढली. १६ एप्रिलला पोहोचेन आणि १२ ऑक्टोबरला निघेन, म्हणजे लसूण लावून होईल. पेंढा घालायला मी तिथे नसेन, म्हणून जावयांच्या फोनवर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारची आठवण आतापासून लावून घेतली आहे. सेंट पॉलच्या ताईंना एकच विचारायचे आहे: कडक मानेचा लसूण सप्टेंबरमध्ये शेतकरी बाजारात सहज मिळतो, की आधी सांगून ठेवावा लागतो?

सेंट पॉलची पंढरपूरकर

काकू, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मिळतो, नंतर मोठे गड्डे संपतात. मी माझ्या वाफ्यातले वीस गड्डे तुमच्यासाठी जुलैतच बाजूला काढून ठेवते. एका गड्ड्यात पाच-सहा पाकळ्या असतात, त्यामुळे शंभर रोपांची सोय होईल. चार फूट रुंद आणि सात फूट लांब असा एक वाफा टोमॅटो निघाल्यावर रिकामा ठेवा.